आधीचं वजन

करारात आमच्यासाठी दीड पान आहे.
खडी, सळ्या, डांबर, दंड, दिरंगाई
हे सगळं संपल्यावर, पाहुणे जेवून उठल्यावर
वाढप्यांची पंगत बसावी तसे
आम्ही येतो: परिशिष्ट 'ड', हवा.

आठवड्यातून दोनदा, चोवीस तास,
जमिनीपासून तीन मीटर उंच,
वाऱ्याच्या उतरत्या अंगाला,
आणि कंत्राटदारास
अठ्ठेचाळीस तास आधी लेखी कळवून.

म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी
माकाझानच्या नव्या रस्त्यावर पाणी पडतं.
टँकर पहाटेपासून फेऱ्या घालतो,
ट्रकांवर ताडपत्री चढते,
क्रशर दुरुस्तीच्या नावाखाली गप्प बसतो.
पिएदादच्या पोर्चच्या स्लॅबवर माझं यंत्र
दिवसभर घरघरत
ओली, शहाणी हवा पितं.
शहाण्णव. ब्याण्णव. अठ्ठ्याण्णव.
मर्यादा शंभर.
इतक्या काठावर, इतक्या नेमाने पास होणारं पोर
मास्तरांच्या डोळ्यांत येतं.
पण मी मास्तर नाही. मी कागद बदलतो.

कागद पांढरा, काचेच्या तंतूंचा,
चिमट्यानेच धरायचा; बोटाचा घामही वजनात येतो.
आधी जोखायचा, मग लावायचा, मग पुन्हा जोखायचा.
मधला फरक म्हणजे गावाने घेतलेला श्वास.

शिडी धरायला त्रिलोचन बेहेरा असतो.
सायटीवरचा. खोकताना तोंड वळवतो,
जणू माझा कागद बिघडेल.
त्यांच्या पत्र्याच्या खोल्या क्रशरला लागून.
तिथे यंत्र का नाही, त्याने एकदाच विचारलं.
मी यादी वाचून दाखवली:
शाळा, दवाखाना, देऊळ, कपेल, वस्ती.
"मग आम्ही?"
"तात्पुरते," म्हटलं. शब्द करारातलाच होता.
तो हसला की खोकला,
शिडी तेवढी हलली.

पिएदाद मला धुळीचो डॉक्टर म्हणते.
विजेची भरपाई मिळते, कलम आहे; तिने कधी मागितली नाही.
एका गुरुवारी तारीख नसताना गेलो,
यंत्राचा फ्यूज उडाला होता,
तर बलकांवात माझीच वाट बघत असल्यासारखी बसलेली.
हातात ओरातोरावरचं क्रोशाचं फडकं.
मुळात पांढरं असावं.
माझ्यासमोर झटकलं. चिऱ्याच्या रंगाचा ढग
उन्हात उभा राहिला, बसेना.
"हें काल बुधवाराचें," ती म्हणाली. "बरय."

तिच्या कोकणीत बरय म्हणजे लिही.
माझ्या घरच्या मराठीत बरंय म्हणजे ठीक आहे, चालू दे.
आजवरचे सगळे अहवाल
मी दुसऱ्या भाषेत भरत आलो होतो.

"लिहिता येत नाही, बाय,
याचं आधीचं वजन नाही," एवढंच म्हणालो.
खरं तेच आहे. प्रयोगशाळेत कुणालाही विचारा.
तिने फडक्याची घडी घातली आणि आत गेली.
मी फ्यूज बसवला.

शनिवारी कागद उतरवायला गेलो
तेव्हा तिने बिस्किटांचा डबा पुढे केला.
आत एक रुमाल, धुतलेला, कडक इस्त्रीचा,
कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने कुणाची तरी आद्याक्षरं.
चुलीतला निखारा उचलायच्या चिमट्याने
तिने तो उचलून दाखवला,
बोट न लावता.
"आदीं जोख."

फातोर्ड्याला रात्री लॅबमध्ये मी एकटाच.
तराजूची काचेची दारं लावली,
पंखा बंद केला, स्वतःचा श्वासही जरा आवरला.
आकडे धावले, चाचपडले, थांबले.
चौदा ग्रॅम, दशांश, शून्य सहा एक तीन.
फॉर्मवर याला रकाना नाही.
समासात पेन्सिलीने लिहिलं,
शेजारी वेळ, शेजारी सही.

मंगळवारी रुमाल डब्यातून परत दिला.
टँकर फाटकापाशी शिंपडत उभा होता,
त्रिलोचनने शिडी धरली,
यंत्र नेहमीसारखं घरघरलं.
उद्या बुधवार.
उद्याचं कुणालाच लेखी कळवलेलं नाही.